काळं फळ, दोन नावं: अंगणातल्या कामोणीचा इतिहास

ज्यांना इअरफोन घालून बसायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोललो तसंच बहुतेक ठेवलंय, फक्त माझे "अं... म्हणजे..." काढून टाकलेत. रेकॉर्डिंगच्या मागे गल्लीतल्या पाण्याच्या टँकरचा आवाज होता, तो इथे ऐकू येणार नाही, तेवढाच वाचणाऱ्यांचा फायदा.

तर, श्रावण संपत आला होता. ताई चार वर्षांच्या भाचीला घेऊन माहेरी आलेली. आमचं घर पुंडलिकनगरात. अंगण म्हणजे काय, घर आणि कंपाउंडची भिंत यांच्या मधली सहा फुटांची पट्टी. पाण्याची टाकी, गंजलेला कूलर, तुळस, आणि पावसात आपोआप उगवलेलं बरंच काही. संध्याकाळी भाची आत आली ती जांभळी जीभ बाहेर काढूनच. हातात मिरीएवढी चार-पाच काळी फळं. म्हणाली, "मामा, छोटं जांभूळ."

मी काय केलं? तुम्ही जे केलं असतं तेच. तिच्या तळहातावरच्या फळांचा फोटो काढला आणि फोनला विचारलं. फोनने दोन नावं दिली. पहिलं ब्लॅक नाइटशेड, दुसरं डेडली नाइटशेड. ताईने फक्त "डेडली" वाचलं. पुढची पाच मिनिटं आमच्या घरात काय झालं ते सांगत नाही.

त्या गोंधळात आजी ओट्यापाशी उभी राहून शांतपणे म्हणाली, "अगं, कामोण्या खाल्ल्यात तिनं. आम्ही ओंजळीनं खायचो." आजी पैठण तालुक्यातली. ताई म्हणाली, "आजी, तू थांब जरा." आणि आम्ही गाडीवर बसून दवाखान्यात.

डॉक्टर बाईंनी आधी टॉर्च मारून पोरीच्या डोळ्यातल्या बाहुल्या बघितल्या. मग विचारलं, किती खाल्ली, पिकलेली की हिरवी, किती वाजता. मीठ-पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न केलेला नाही ना? नव्हता केला, ते बरं केलं म्हणाल्या. आणि मग मला विचारलं, "झाड आणलंय का?"

मी फोन पुढे केला. त्या म्हणाल्या, "हा फळाचा फोटो झाला. झाड कुठंय? आणि अंगणात फळं असलेलं दुसरं काय काय आहे? तिनं काळंच खाल्लं, हे कशावरून?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी उलट्या पावली घरी आलो आणि ज्या ज्या झाडाला फळ होतं त्याची एक एक फांदी तोडली. तीन निघाल्या. एक काळ्या फळांची. दुसरी भिंतीवर चढलेल्या वेलाची, लाल फळांवर पांढरे पट्टे. तिसरी शेजारच्या काकूंच्या कुंपणाची, आमच्या बाजूला लोंबणाऱ्या केशरी मण्यांची. निघताना तिन्ही आजीला दाखवल्या. पहिल्या दोहोंची नावं तिनं बघता बघता सांगितली. तिसरी हातात घेतली, उलटीपालटी केली, परत दिली. "हे आमच्याकडं नव्हतं."

हा भाग या तीन फांद्यांचा आहे. (भाचीला रात्रीपर्यंत तिथेच ठेवून घेतलं होतं, तिला काहीही झालं नाही, ती आईस्क्रीम मागत घरी आली. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुमचं लक्ष पुढे लागणार नाही.)

पहिली फांदी. कामोणी. कुणी कांगोणी म्हणतं, कुणी घाटी, हिंदीत मकोय, संस्कृतात काकमाची. तामिळनाडूत हिला मणत्तक्काळी म्हणतात, तिथे हिची भाजी करतात आणि फळं वाळवून, तळून भाताबरोबर खातात. पूर्व आफ्रिकेत केनियात हिच्या पाल्याला मनागू म्हणतात, तो बाजारात जुड्या बांधून विकायला येतो. म्हणजे जगातले कितीतरी लोक जे रोज जेवतात, त्याला माझ्या फोनने "डेडली"च्या शेजारी बसवलं होतं.

का बसवलं? इथे इतिहास सुरू होतो.

पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस नावाच्या ग्रीक वैद्याने औषधी वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात "स्ट्रिखनोस" या एकाच नावाखाली त्याने चार झाडं सांगितली. एक बागेतलं, खाण्यासारखं. दुसरं फुग्यासारख्या कवचातलं फळ, म्हणजे आपल्या चिरबोटीचं भाऊबंद. तिसरं झोप आणणारं. आणि चौथं वेड लावणारं. खाद्य आणि घातक, दोन्ही एकाच आडनावाची. पुढे युरोपात हा घोळ शतकानुशतकं चालला आणि इंग्रजीत तो "नाइटशेड" या शब्दात येऊन बसला.

त्यातलं खरं डेडली म्हणजे बेलाडोना. नाव इटालियन, अर्थ सुंदर बाई. डोळ्यात याचा रस घातला की बाहुल्या मोठ्या होतात आणि बायका सुंदर दिसतात, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. १७५३ साली स्वीडनच्या लिनियसने वनस्पतींना दोन शब्दांची नावं देणारं पुस्तक काढलं, त्यात याचं नाव ठेवलं ॲट्रोपा बेलाडोना. ॲट्रोपॉस ही ग्रीकांची नियतीदेवी, आयुष्याचा धागा कापणारी. एका नावात सौंदर्य आणि मरण, लिनियसला काय सुचत होतं बघा. यातलं ॲट्रोपीन १८३०च्या दशकात वेगळं काढलं गेलं, आणि आजही डोळे तपासताना बाहुल्या मोठ्या करायला ते वापरतात. डॉक्टर बाई टॉर्च मारून नेमकं हेच बघत होत्या. बेलाडोना किंवा धोतरा पोटात गेला असता तर बाहुल्या फाकल्या असत्या.

त्याच १७५३च्या पुस्तकात लिनियसने कामोणीचं नाव ठेवलं सोलॅनम नायग्रम. नायग्रम म्हणजे काळं. हे वांग्या-बटाट्याचं घराणं. म्हणजे शास्त्राने दोघींना वेगळं केलं, पण इंग्रजी बोलीने "नाइटशेड" हे आडनाव दोघींना ठेवू दिलं. आपल्या फोनमधली माहिती बहुतेक त्या बोलीतून आलेली. आणि गंमत म्हणजे बेलाडोना मराठवाड्यात रानात उगवतच नाही. ती युरोपातली, पश्चिम आशियातली. भारतात तिची जवळची बहीण आहे ती काश्मीर-हिमालयाच्या थंडीत. पुंडलिकनगरच्या सहा फुटांच्या पट्टीत ती यायची कशी?

फांदी हातात असती तर हे दहा सेकंदात कळलं असतं. बेलाडोनाचं फळ एकेकटं लागतं, चेरीएवढं, आणि त्याच्या बुडाशी पाच पाकळ्यांची हिरवी चांदणी पसरलेली असते. फूल घंटेसारखं, मळकट जांभळं. कामोणीची फळं एका देठाला चार-सहाचा घोस करून खाली लटकतात, फूल पांढरं, चांदणीसारखं, मधोमध पिवळा ठिपका. फळ तळहातावर काढलं की या सगळ्या खुणा झाडावरच राहतात. मी फोनला अर्धा प्रश्न विचारला होता.

आता आजीकडे येऊ. तिचं "ओंजळीनं खायचो" हे वाक्य किती जुनं आहे? चरकसंहितेत काकमाची भाज्यांमध्ये येते, तिन्ही दोषांवर चांगली म्हणून तिचं कौतुक आहे. पण त्याच ग्रंथात ताकीदही आहे, शिळी काकमाची मारक, आणि मधाबरोबर खाऊ नये. मला हे फार आवडलं. कारण त्यात "चांगली की वाईट" असा प्रश्नच नाही. कशी, कधी, कशाबरोबर, हा प्रश्न आहे. आजचं रसायनशास्त्रही त्याच सुरात बोलतं. हिरव्या फळांत सोलॅनीनसारखी विषारी द्रव्यं जास्त असतात, पिकताना ती कमी होतात. हिरवी फळं मूठभर खाल्ली तर पोटदुखी, उलट्या, जुलाब होऊ शकतात, लहान मुलाला जास्तच. नंतर आजीला विचारलं, तर ती म्हणाली, "हिरवी कोण खातं? काळी झाली, नुसतं बोट लागलं की पडली पाहिजे." चरक तिने वाचलेला नाही. तिला तिच्या चुलतीने सांगितलेलं.

आपल्या शहरात या फळाचं एक तिसरं घराणंही आहे. गुलमंडीकडच्या काष्ठौषधीच्या दुकानात मी "कामोणी आहे का" विचारलं, तर दुकानदार चाचांनी मान हलवली, नाही. मग म्हटलं, "मकोय?" तर लगेच, "मको? खुश्क चाहिये?" आणि पुडीत वाळलेली, सुरकुतलेली फळं. युनानी हकीम यकृताच्या सुजेवर मको देतात, त्याचा अर्क बाटलीत मिळतो. अरबीत याचं नाव इनबुस्सालब, कोल्ह्याची द्राक्षं. त्या डायोस्कोरिडीसचा ग्रंथ नवव्या शतकात बगदादमध्ये अरबीत उतरला, आणि त्या परंपरेतून युनानी वैद्यक दख्खनपर्यंत आलं. म्हणजे ज्या ग्रीक पुस्तकाने युरोपात नावांचा घोळ घातला, त्याच पुस्तकाची दुसरी वाट गुलमंडीच्या पुडीत येऊन थांबली. मी पुडी घेऊन रस्त्यात उभा राहून बराच वेळ हसत होतो.

मग मराठवाड्यातली झाडं इंग्रजी पद्धतीने कुणी लिहून ठेवली? इथे आपल्या भागाची एक जुनी कहाणी आडवी येते. इंग्रजांच्या मुंबई इलाख्याची झाडं १८६१ साली डॅल्झेल आणि गिब्सन यांनी पुस्तकात आणली. मग पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मोठा "फ्लोरा" काढला. पण हे सगळं मुंबई इलाख्याचं. आपण १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. नकाशावरच्या रेघेशी ही पुस्तकं थांबायची. कामोणीला रेघ माहीत नव्हती, पण पुस्तकाला होती. १९५८ साली इथे मराठवाडा विद्यापीठ उभं राहिलं, आणि तिथल्या वनस्पतिशास्त्राच्या डॉ. व्ही. एन. नाईक यांनी आधी १९७९ मध्ये उस्मानाबादचा आणि मग १९९८ मध्ये दोन खंडांत मराठवाड्याचा फ्लोरा काढला. १९९८! तोवर इथे घरोघरी टीव्ही आला होता. आपल्या अंगणातल्या झाडांचं पूर्ण पुस्तक त्याच्याही नंतर आलं.

त्याआधीचं पुस्तक म्हणजे आजीची चुलती.

एक छोटा फेरफटका अमेरिकेचा, कारण ही गोष्ट सोडवत नाही. ज्याच्या नावाचा बटाटा आज फ्रेंच फ्राइजला वापरतात तो लूथर बर्बँक, कॅलिफोर्नियाचा प्रसिद्ध रोपतज्ज्ञ. त्याने जाहीर केलं की दोन रानटी नाइटशेडांचा संकर करून मी नवीन खाण्याजोगी बेरी तयार केली आहे, नाव सनबेरी. न्यूयॉर्कच्या जॉन लुईस चाइल्ड्स या बियाणे व्यापाऱ्याने ती घेतली आणि १९०९ साली "वंडरबेरी" म्हणून विकली. रुरल न्यू-यॉर्कर नावाच्या शेतकी साप्ताहिकाने झोड उठवली, ही नवीन नाहीच, हे साधं काळं नाइटशेड आहे, लोकांना विष विकता काय. मोठा वाद झाला. पैठण तालुक्यातल्या कुठल्याही पोराला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की नवीन नाही हे खरं, आणि विष नाही हेही खरं, पिकू द्या फक्त.

बरं, एक कबुली. आपल्याकडे ज्याला कामोणी म्हणतात ती शास्त्राच्या हिशेबात एकच नाही. काळी मंद फळं असलेली एक, चकचकीत काळी असलेली दुसरी, नारिंगी-लाल पिकणारी तिसरी. तज्ज्ञांनाही त्या वेगळ्या करायला भिंग लागतं. आमची चकचकीत होती.

आता दुसरी फांदी, ही पटकन. हाताच्या पंजासारखी पानं, गोट्यांएवढी फळं, आधी हिरवी मग लाल, वर पांढरे पट्टे. आजी म्हणाली, "शिवलिंगी. खायची नसती." काकडी-तोंडल्याच्या घराण्यातली वेल. बियांचा आकार शिवलिंगासारखा दिसतो म्हणून नाव, आणि मूल होण्यासाठी म्हणून या बिया अजून औषधी दुकानांत विकल्या जातात. फळ विषारी मानतात. दिसायला मात्र तिन्हींत सगळ्यात सुंदर, लहान मुलाचा हात आधी इकडेच जायला हवा होता. तो गेला नाही हे आमचं नशीब.

आणि तिसरी. केशरी मण्यांच्या लांब माळा, जांभळी फुलं. आजीला नाव माहीत नव्हतं आणि इथे फोन जिंकला. पूर्ण फांदीचा फोटो दिल्यावर त्याने पहिल्या फटक्यात सांगितलं, दुरांता. नर्सरीवालेही दुरांताच म्हणतात. मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण भागातलं, कॅरिबियनकडचं. नाव पडलं कास्तोरे दुरांते या सोळाव्या शतकातल्या इटालियन वैद्याच्या नावावरून, आणि नाव ठेवणारा कोण? पुन्हा लिनियस, पुन्हा १७५३चं तेच पुस्तक. आज आपल्या शहरात रस्त्याच्या दुभाजकावर, सोसायटीच्या गेटशी, शाळेच्या कुंपणाला हे आहे. पिवळ्या पानांचा प्रकार छाटून छाटून ठेवतात, त्याला फळं फारशी दिसत नाहीत. हिरव्या पानांचं वाढू दिलं की मण्यांनी लगडतं. आणि ते मणी माणसाला विषारी आहेत.

बुलबुल ते आरामात खातो. "पक्षी खातात म्हणजे आपल्यालाही चालतं" हे मी लहानपणापासून ऐकत आलोय, ते साफ खोटं आहे.

दवाखान्याच्या बाकावर बसून मी याचाच विचार करत होतो. ज्या झाडाने आम्हाला पळवलं, त्याबद्दल आजीकडे दोन हजार वर्षांची माहिती होती आणि आम्ही तिला गप्प बसवलं. ज्या झाडाची खरी भीती बाळगायला हवी होती, त्याबद्दल घरात कुणाकडेच एक शब्द नव्हता. नाव नाही, गाणं नाही, "खायची नसती" एवढंसुद्धा नाही. ते नर्सरीतून पिशवीत आलं, शोभेचं म्हणून. घाणेरीचंही एकेकाळी हेच झालं. तीही अमेरिकेची, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणली, आणि पसरली ती पसरलीच. जनावरांनी पाला खाल्ला तर यकृत बिघडतं. पण घाणेरीला इथे दोनशे वर्षं झाली, तोवर लोकांनी तिला नाव दिलं, टणटणी, घाणेरी, आणि गुराख्यांनी जनावर कुठे न्यायचं नाही ते ठरवलं. दुरांता अजून नवखा आहे.

डॉक्टर बाईंनी तिन्ही फांद्या बघितल्या, केशरी मण्यांवर बोट ठेवून भाचीला विचारलं, "हे खाल्लंस?" भाची म्हणाली, "ते कडू असेल ना." का, तर तिने शेजारच्या काकूंच्या मांजराला ते हुंगून निघून जाताना बघितलं होतं. पुरावा म्हणून हा काही टिकणारा नव्हता, त्यामुळे थांबवून घेतलं ते योग्यच. बाहुल्या नीट, पोट नीट, नऊ वाजता सोडलं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर काय करायचं ते बाईंनी सांगितलं तसं सांगतो. तोंडात उरलेलं काढून टाका, उलटी काढू नका, दवाखाना गाठा किंवा १०८ला फोन करा, आणि अख्खी फांदी घेऊन जा, पान, फूल, फळ सगळं असलेली, एकच नाही, जेवढी झाडं आसपास आहेत त्या सगळ्यांची. फोटोच काढायचा तर झाडावर असताना काढा. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला दाखवून मगच गाडीला किक मारा, अर्धा मिनिट लागतं. आजीने ओळखलं म्हणून दवाखाना चुकवायचा, असं मात्र मी म्हणत नाहीये. आम्ही गेलो ते बरोबरच होतं.

शेजारच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी माळा छाटून टाकल्या, कुंपण ठेवलंय. शिवलिंगी आम्ही उपटली. कामोणी टाकीच्या मागे आहे, ताईचा हुकूम आहे की मोठं माणूस सोबत असल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि हिरवी तर अजिबात नाही. तिन्ही फांद्या मी जुन्या वर्तमानपत्रात दाबून वाळवल्यात, तारीख आणि "पुंडलिकनगर" लिहून. कामोणीच्या कागदावर आजीने सांगितलेलं नाव, चाचांनी सांगितलेलं नाव आणि लिनियसचं नाव, तिन्ही लिहिलीत. दुरांताच्या कागदावर एकच आहे.

आता तुमचं काम. तुमच्या गावात कामोणीला काय म्हणतात, आणि दुरांताला कुणी काही म्हणतं का, ते घरच्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवा, गावाचं आणि तालुक्याचं नाव आधी सांगून. पुढच्या भागात गुंजेबद्दल बोलणार आहे, सोनाराच्या तराजूत बसलेलं लाल-काळं विष. तोवर भेटूच.